काम सुनेचं, निर्णय थोरल्याचा: बेळगाव तालुक्यातलं स्मृतिभ्रंशाचं एक प्रकरण

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी घरांत जे वारंवार दिसतं, ते एका घरात बसवून मांडलंय. म्हणून नावं नाहीत, नात्यांनीच ओळख ठेवली आहे. वाचताना सासऱ्यांपेक्षा सुनेवर नजर ठेवावी. प्रकरण तिचं आहे.

घर शहराच्या पश्चिमेला, भात आणि रताळी पिकणाऱ्या गावात. पुढे सोपा, मग माजघर, मागे परडं, परड्यात न्हाणी आणि संडास. सासरे 71 वर्षांचे, वायव्य कर्नाटक परिवहनमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. सासूला मधुमेह आणि गुडघेदुखी. धाकटा मुलगा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळीवर जातो. त्याची बायको 38 वर्षांची, घरी ब्लाऊज शिवून चार पैसे मिळवायची. सासऱ्यांचं दुखणं वाढलं तसं मशीनवर चादर पडली ती पडलीच. थोरला मुलगा पुण्यात. मुलगी चंदगड तालुक्यात दिलेली, म्हणजे गाव हाकेच्या अंतरावर पण राज्य दुसरं.

सुरुवात हिशेबातून झाली. आयुष्यभर सुट्टे पैसे न चुकता मोजणारा माणूस किराणा दुकानात दोनदा पैसे द्यायला लागला. मग ओळखीच्या वाटेवर चुकणं, मग तेच तेच विचारणं. ‘वय झालं’ म्हणून दोन वर्षं गेली. घरातल्या घरात याला म्हातारचळ म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. देशातल्या साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे 88 लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या बऱ्याच घरांत निदान इतकंच उशिरा होतं.

निदान, आणि चाचणीची भाषा

तपासण्या नेहमीच्याच: हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, सोडियम, कॅल्शियम, थायरॉइड, बी-12 आणि मेंदूचा सीटी स्कॅन. ही यादी लांबलचक वाटते, पण तिच्यातून कुणी पळवाट काढू नये. बी-12 ची कमतरता, मंद थायरॉइड, पडल्यानंतर कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त ही सगळी विसराळूपणासारखीच दिसतात आणि त्यांच्यावर उपाय आहेत. यांचं बी-12 कमी निघालं, इंजेक्शनं झाली, थोडी तरतरी आली, पण मूळ दुखणं राहिलं. सीटीत बारीक रक्तवाहिन्यांचे जुने घाव दिसले. अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा, असा मिश्र स्मृतिभ्रंश ठरला.

स्मरणशक्तीची चाचणी पहिल्यांदा कन्नडमध्ये झाली. सासरे नोकरीभर कन्नड बोलले, कागदावरही तीच भाषा, म्हणून तपासणाऱ्याला त्यात वावगं वाटलं नाही. पण घरची भाषा मराठी, आणि या आजारात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते. प्रश्न कन्नडमध्ये कळला तरी उत्तर मराठीत येत होतं, किंवा येतच नव्हतं. मराठीत पुन्हा घेतल्यावर गुण वाढले. आजार होताच, पण वाटला तेवढा पुढे गेलेला नव्हता. सीमाभागात ही गोष्ट आपणहून सांगावी लागते: चाचणी घरी बोलतात त्या भाषेत घ्या, आणि इंग्रजी तारखेऐवजी नुकताच कुठला सण झाला ते विचारा. बेळगावच्या बिम्स या सरकारी रुग्णालयात असो वा धारवाडच्या डिम्हान्स या मनोविकार संस्थेत, सोबत मराठी आणि कन्नड दोन्ही येणारा माणूस न्यावा. एरवी दुभाषाचं काम सातवीतल्या नातवावर येतं, आणि आजोबांना लघवी कळते का, हा प्रश्न त्याच्या तोंडून विचारला जातो.

औषध डोनेपेझिल 5 मिलिग्रॅम, रात्री. आधी नाडी आणि ईसीजी पाहिले, कारण या गोळीने नाडी मंदावू शकते. सहा आठवड्यांनी 10 केली तेव्हा जुलाब लागले आणि भूक गेली, म्हणून परत 5 वर आणली. ही गोळी आजार थांबवत नाही, काही जणांत थोडा काळ सावरून धरते. हे कुटुंबाला पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. थोरल्याने महागडी गोळी चालू आहे म्हटल्यावर सुधारणेची वाट पाहिली, आणि ती झाली नाही तेव्हा ‘घरी नीट देत नसतील’ असा अर्थ काढला.

खरा प्रश्न कुठे होता

ताण मोजायला बावीस प्रश्नांची झरिट प्रश्नावली वापरतात. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4, एकूण 88. साधारण 40 च्या वर गेलं की ओझं जड समजावं. पहिल्या भेटीत प्रश्न माजघरात वाचले गेले, सासू पलीकडे तांदूळ निवडत बसलेली. सुनेचे गुण आले 19. “काय त्रास न्हाई, आपलीच माणसं की.” दुसऱ्या वेळी तेच प्रश्न शेजारणीच्या घरी, दार लोटून, मराठीत एकेक वाचून विचारले. गुण आले 57. पहिला आकडा कागदावर राहिला असता तर या घराची फाईल ‘मदतीची गरज नाही’ म्हणून बंद झाली असती. सांभाळणाऱ्या बाईला घरच्यांच्या कानाआड विचारलं नाही, तर विचारलं काय अन् न विचारलं काय, सारखंच.

57 मध्ये काय काय होतं? झोप चार तासांची, तीही तुटक. पाठदुखी. वजन उतरलेलं. मुलांवर खेकसणं आणि मग त्याबद्दल रडणं. जीव नकोसा वाटतो का, असंही सरळ विचारलं. आडून विचारून काही हाती लागत नाही. कधी कधी वाटतं म्हणाली, पण काही करायचा बेत नव्हता. तिला टेलि-मानस या सरकारी मानसिक मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोबाईलमध्ये घालून दिला, पहिला फोन तिथेच बसून लावला, आणि पुढच्या आठवड्यात तिची स्वतःची तपासणी ठरवली. थकवा आणि उदासी यांच्यामागे तिलाही रक्तक्षय होता. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती. काम सगळं सुनेकडे, आणि निर्णय एकही तिच्याकडे नाही. डॉक्टरांशी फोनवर बोलायचा थोरला. पेन्शनचं पासबुक सासूच्या ट्रंकेत. औषधं आणायचा नवरा. रात्री तीनला उठून जी माणसाला सांभाळते, तिला गोळीची वेळ बदलायची झाली तर तीन जणांना विचारावं लागायचं. थोरल्याने एकदा पुण्याहूनच झोपेची गोळी सुचवली आणि सासूच्या जुन्या पाकिटातली अल्प्राझोलाम दिली गेली. दुसऱ्या दिवशी सासरे परड्यात पडले. नशिबाने हाड मोडलं नाही. अशा गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो. वागणूक आवरण्यासाठी देतात त्या मनोविकारावरच्या गोळ्यांबद्दल तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच इशारा दिला होता, की स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो. कधी कधी त्या द्याव्या लागतात, पण कमीत कमी मात्रेत, ठरावीक मुदतीसाठी, आणि रुग्णाला डोळ्यांनी पाहिलेल्या डॉक्टरने.

म्हणून मदतीचा आराखडा ‘संयम ठेवा’ या वाक्याने सुरू केला नाही. तो आणखी कुठून आणायचा? तिच्याकडे होता तेवढा सगळा संपलेला होता.

पहाटेची गाडी

सर्वात जास्त छळत होती ती पहाट. साडेतीन-चारला सासरे उठायचे, खुंटीवरचा खाकी शर्ट चढवायचे आणि दाराशी जायचे. “सावंतवाडी गाडी सुटायलीय, सोड.” दार अडवलं की हात उगारायचे. सासूचं मत ठरलेलं: मुद्दाम करतंय म्हातारं.

अशा वागण्याची आधी नोंद करायची, मग उपाय. एका वहीत चार गोष्टी आठवडाभर लिहिल्या: किती वाजता, आधी काय घडलं, काय केलं, कशाने थांबलं. वही सुनेच्या मुलीने लिहिली. आठ दिवसांत चित्र उघड झालं. दुपारी जेवून ते तीन तास झोपत. संध्याकाळी सात वाजता कपभर चहा. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी रात्री जेवणानंतर, कारण ‘सगळ्या गोळ्या एकदम’ दिल्या की लक्षात राहतं. तेव्हा तीनच्या सुमाराला लघवी लागायची, उठल्यावर अंधारात समोर खाकी शर्ट दिसायचा, आणि शर्ट दिसला की ड्यूटी आठवायची.

बदल असे केले. डॉक्टरांना विचारून ती गोळी सकाळी आणली. दुपारची झोप तीनच्या आत आणि चाळीस मिनिटांच्या वर नाही. उठवायचं काम नातवाचं. पाणी-चहा दिवसभर भरपूर, सहानंतर घोट घोट. खाटेजवळ झाकणाचं प्लास्टिकचं युरिनल, आणि त्याच्यावर पडेल असा शून्याचा दिवा. खाकी शर्ट ट्रंकेत. पुढच्या दाराची कडी डोळ्यासमोरून काढून खाली गुडघ्याच्या उंचीवर बसवली. या आजारात माणूस बहुधा समोर दिसेल तेच चाचपतो. दाराला बैलाच्या गळ्यातली घंटा टांगली. बाहेरून कुलूप मात्र लावायचं नाही. आग लागली, शॉर्ट सर्किट झालं, तर आतला माणूस आत राहतो.

सहा आठवड्यांत पहाटेचं उठणं आठवड्यातून सात वेळांवरून दोन वेळांवर आलं. उरलेल्या दोन वेळांसाठी वाक्य ठरलं: “मामा, आज तुमचा वीकली ऑफ हाय. बसा, च्या ठेवते.” यात फसवणूक आहे का, असं धाकट्याने विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण ‘तुम्ही अकरा वर्षांपूर्वी रिटायर झालात’ हे खरं वाक्य त्यांना दर पहाटे नव्याने घायाळ करत होतं, आणि ते सांगूनही ते दारातून हटत नव्हते. त्यांना घाई होती. ती कमी करणारं उत्तर द्यावं, तपशील दुरुस्त करत बसू नये. एवढं मात्र खरं, की औषधात काय घातलंय किंवा कुठे नेतोय, याबद्दल खोटं बोललं की विश्वास उडतो आणि पुढची गोळी थुंकून टाकली जाते.

याच कामातून दिवसाचा उद्योग सापडला. त्यांची जुनी चामडी पिशवी, त्यात एक, दोन आणि पाच रुपयांची मिळून साठेक नाणी आणि तीन डबे. दुपारी चारनंतर, जेव्हा चलबिचल वाढायची, तेव्हा ‘हिशेब लावा’ म्हणून पिशवी पुढ्यात द्यायची. वीस-पंचवीस मिनिटं माणूस शांत बसतो. पुढेमागे वस्तू तोंडात घालायची सवय लागली तर नाणी काढून घ्यावी लागतील, हे वहीत लिहून ठेवलं. सुनेने पैसे चोरले हा आरोपही याने पुष्कळ कमी झाला. नाहीसा झाला नाही. पाकीट हरवलं की ते तिच्याकडेच बोट दाखवतात, कारण दिवसभर जवळ तीच असते. त्याला उत्तर देत बसायचं नाही, ‘चला, दोघं मिळून हुडकूया’ म्हणायचं आणि तसंच दुसरं पाकीट तयार ठेवायचं. जड जातं ते वेगळंच: हा आरोप ऐकून सासूने तिच्याकडे बघायची नजर. म्हणून सासूलाच एकदा डॉक्टरांसमोर बसवलं आणि हा आजाराचा भाग आहे हे त्यांच्या तोंडून ऐकवलं. सासू तिथे हो म्हणाली, घरी आल्यावर निम्मं.

न्हाणीतली अडचण

सुनेने सासऱ्यांना अंघोळ घालणं दोघांनाही अवघड. तिच्यासमोर कपडे काढायला ते तयार नसत, ती जवळ गेली की ओरडत, आणि घरातले म्हणत अंघोळीलाही त्रास देतात. त्रास लाजेचा होता, अंघोळीचा नव्हता.

रोजची अंघोळ सोडली. आठवड्यातून तीन पूर्ण अंघोळी, त्या धाकट्या मुलाने घालायच्या; बाकी दिवशी कोमट पाण्यात पिळलेल्या कपड्याने अंग पुसणं आणि कपडे बदलणं. धार्मिक मनाला हे पटायला वेळ लागतो, सासूला लागलाच. अंघोळीची पद्धत अशी बसवली: न्हाणीत रबरी बूट लावलेली, हात असलेली प्लास्टिकची खुर्ची, खाली काथ्याचं पायपुसणं, भिंतीला जमिनीपासून 85 सेंटिमीटरवर इंची जीआय पाईप, दोन्ही टोकांना बोल्टने पक्का. पाणी आधी काढून, स्वतःच्या मनगटावर बघून ठेवायचं. माणूस आत आल्यावर बादली भरायला लागलं की तो उठून चालू लागतो. मांडीवर टॉवेल, तो शेवटपर्यंत काढायचा नाही. पहिला तांब्या पायावर, तोही त्यांच्याच हाताने. मग गुडघे, हात, पाठ. डोकं सगळ्यात शेवटी, किंवा त्या दिवशी नाहीच. डोक्यावर एकदम पाणी पडलं की श्वास कोंडतो आणि माणूस बिथरतो. एका वेळी एकच सूचना, तीही छोटी: “पाय पुढं.” “साबण घ्या.” शर्ट बटणांचा, समोरून उघडणारा, बनियन डोक्यावरून ओढलं की क्षणभर डोळ्यांपुढे अंधार होतो आणि पहिला फटका तिथेच बसतो.

धाकट्याची पाळी आठवड्याला बदलते. अंघोळीची वेळ तिच्यामागे हलवली तेव्हा घडी विसकटली, म्हणून सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी दहा आणि फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात दुपारी चार अशा दोनच वेळा ठेवल्या, आणि दोन्ही वेळी आधी चहा. चहा झाला की न्हाणी, ही जोडी अंगवळणी पडली.

एक धक्का

तिसऱ्या महिन्यात दोन दिवसांत सगळं उलटलं. दिवसा गुंगी, रात्री भिंतीवर माणसं दिसू लागली, बोलणं असंबद्ध. पाहुणे येऊन बसले, थोरला निघायच्या तयारीत, ‘आता शेवटचं’ अशी कुजबुज. सुनेने मात्र वही पाहिली. चार दिवसांपूर्वी सर्दी, मेडिकलमधून आणलेली सर्दीची मिश्र गोळी दिवसातून तीनदा. संडास तीन दिवस नाही. लघवी थेंब थेंब.

त्या गोळीत क्लोरफेनिरामिन होतं. त्याने म्हाताऱ्या माणसाची लघवी तुंबते, प्रोस्टेट वाढलेलं असेल तर जास्तच. शिवाय डोनेपेझिल जे रसायन मेंदूत टिकवायला बघतं, त्याच्याच आड हे औषध येतं. दवाखान्यात नळी घालून लघवी काढली, एनिमा दिला, गोळी बंद केली. तीन दिवसांत माणसं दिसायची थांबली, पूर्ववत व्हायला तीनेक आठवडे लागले.

स्मृतिभ्रंश महिन्यांनी आणि वर्षांनी वाढत जातो. तासांत किंवा दिवसांत बदल दिसला तर तो दुसरा काहीतरी आजार समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा: लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, पाण्याची कमतरता, नवं औषध, साखर उतरणं, पडून लागलेला मार. ही यादी भिंतीवर चिकटवली. मेडिकलवाल्याला सांगून ठेवलं, की या घरात सर्दी, खाज, उलटी यांची गोळी विचारल्याशिवाय द्यायची नाही.

या प्रसंगाने एक गोष्ट उरकली, जी बैठकांनी उरकली नसती. वही सुनेकडे होती आणि वहीमुळे कारण सापडलं. तिथून पुढे डॉक्टरांशी बोलणार ती, हे थोरल्याने मान्य केलं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली उपचारांपुरता नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो; सासऱ्यांचा चांगला दिवस बघून, त्यांना समजावून, साध्या कागदावर तिचं नाव घातलं आणि त्यांची सही घेतली. याचा मालमत्तेशी काही संबंध नाही, हे तिथेच स्पष्ट केलं, कारण थोरल्याची खरी धास्ती तीच होती.

बैठक, पैसा, उतारा

घरची बैठक गावच्या जत्रेला सगळे आले तेव्हा झाली. भाषण कुणी केलं नाही. एका मोठ्या कागदावर चोवीस तासांचे चोवीस रकाने, आणि प्रत्येकात काय काम आणि कोण करतं. एकोणीस रकान्यांत एकच नाव आलं. पुण्याचा भाऊ तो कागद बराच वेळ बघत राहिला. यापेक्षा जास्त काही बोलावं लागलं नाही.

ठरलं ते असं: दुपारी एक ते पाच गावातलाच एक माणूस, पूर्वी दवाखान्यात वॉर्डबॉय असलेला, सोबतीला, पैसे थोरल्याने द्यायचे, थेट त्याच्या खात्यात. रात्रीच्या दोन वाटण्या, तीनच्या आधीची नवऱ्याची, नंतरची सुनेची; त्याच्या नाईटच्या आठवड्यात चुलत दीर सोप्यात झोपतो. मुलीने महिन्यातून चार दिवस यायचं.

सोबतीचा पहिला आठवडा वाया गेला. मोकळे चार तास सुनेने धुणं आणि भांड्यांत घातले. घरात राहिली की कामाला हात लागतोच, आणि सासरेही तिलाच हाका मारतात. म्हणून शिवणयंत्र शेजारणीच्या सोप्यात हलवलं. एक वाजला की ती घराबाहेर. आता आठवड्याला काही ब्लाऊज होतात, पैसे तिच्या खात्यात जमतात.

मुलीचे चार दिवसही आधी चुकीचे बेतले होते. वडिलांना चंदगडला न्यायचं ठरलं, नेलं, आणि परक्या घरात ते दोन रात्री झोपले नाहीत. संडास सापडेना, सुनेला हाका मारत राहिले. तिसऱ्या दिवशी परत. या आजारात जागा बदलली की उरलीसुरली खूणगाठ सुटते. विसावा द्यायचा तर रुग्णाला हलवू नये, सांभाळणारीला हलवावं. आता मुलगी इथे येते आणि सून माहेरी जाते. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना निम्मं तिकीट, कर्नाटकाच्या बसमध्ये शक्ती योजनेमुळे सुनेला प्रवास फुकट, त्यामुळे खर्चाची सबब दोघींनाही उरली नाही.

शेजारच्या गोव्यात 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 81 कुटुंबं होती. घरी येणाऱ्या प्रशिक्षित सल्लागारांनी सहा महिने साथ दिली, तेव्हा सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं. रुग्णाच्या वागण्यातला फरक तितका ठाम निघाला नाही. या प्रकरणातही आधी सून सावरली. सासऱ्यांसाठी काही करता आलं, ते तिची झोप वाढल्यावर.

जमिनीचा विषय निघालाच. थोरल्याला वाटत होतं, मुखत्यारपत्र करून घेतलं की उताऱ्याचं पुढे पाहता येईल. इथे बरीच घरं फसतात. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे मालकाची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारी संपते, म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हाच कागद निरुपयोगी. मृत्युपत्रालाही शुद्ध बुद्धी लागते. जे करायचं ते निदान झाल्याबरोबर, त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडून. इथे ती वेळ गेली होती. पुढचा मार्ग न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचा, आणि त्यासाठी उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ आहे. तूर्त जमीन विकायची नाही, म्हणून तो लांबणीवर टाकला. खातं सासूबरोबर जोडखातं होतं, एवढं बरं. सही जमेना तेव्हा अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा. पेन्शन ईपीएस-95 ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून येणारी, तिचा हयातीचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. म्हणून नोव्हेंबरच्या गर्दीत त्यांना उभं करायचं कारण नाही, पाऊस संपल्यावर एखाद्या शांत सकाळी उरकावा.

हरवण्याची तयारीही याच बैठकीत झाली. प्रत्येक शर्टाच्या कॉलरमध्ये आत फोन नंबर शिवला. खिशातल्या कार्डावर एका बाजूला मराठी, दुसरीकडे कन्नड: नाव, गाव, ‘यांना विसरण्याचा आजार आहे, ओरडू नका, या नंबरवर फोन करा.’ बसस्टँडवर आणि पोलीस ठाण्यात वाचणारा कन्नडच वाचेल, मराठी कार्ड कितीही प्रेमाने लिहिलं तरी. बसस्टँडवरच्या कंट्रोलरला फोटो देऊन ठेवला. हे गृहस्थ निघाले तर तिथेच जाणार. चोवीस तास थांबायचं नाही, घरात आणि परड्यात विहिरीसकट बघितलं की लगेच पोलिसांच्या 112 वर फोन.

सहा महिन्यांनंतर

झरिट 57 वरून 41. सुनेची झोप सहा तासांच्या आसपास. सासरे पूर्वीपेक्षा कमी बोलतात, वजन दोन किलोने उतरलंय. महिन्याला वजन लिहिलं जातं आणि भाकरी आता आमटीत कुस्करून देतात. जेवलोच नाही म्हणतात तेव्हा ताट अर्धंच वाढून दुसरा वाढा मागे ठेवलेला असतो.

सगळं सुरळीत नाही. सुगीला वॉर्डबॉय स्वतःच्या शेतात गेला आणि तीन आठवडे सोबत तुटली. पुढच्या वर्षीसाठी मुलीचे दिवस सुगीत एकत्र आणायचे ठरलंय. थोरल्याचे पैसे एक महिना आले नाहीत. सुनेने स्वतः फोन करून मागितले, जे आधी तिने कधी केलं नसतं. सासूला अजूनही वाटतं की सून दुपारी ‘फिरायला’ जाते. गिळताना ठसका लागायला सुरुवात झाली आहे. पुढच्या भेटीत ताठ बसवून भरवणं, घोटाची मात्रा आणि घट्ट पातळ काय द्यायचं, हे नवरा, सोबतीचा माणूस आणि मुलगी या तिघांनाही एकाच वेळी शिकवायचं आहे, सून घरात नसताना.